पोटाचे दुखणे आणि मेंदूची साक्ष

घरातले माणूस पोट धरून कण्हत असते आणि तपासणीचे सगळे कागद ‘नॉर्मल’ येतात. अशा वेळी आपल्याकडे काय म्हटले जाते? ‘कामाचा कंटाळा, दुसरे काही नाही.’ वाचकहो, असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो.

आमची धाकटी बहीण शिलाईच्या कारखान्यात कामाला आहे. तीन वर्षे तिचे पोट दुखत होते. कधी दिवसातून चार वेळा संडासला पळावे लागे, तर कधी तीन-तीन दिवस पोट साफ होत नसे. मशीन सोडून वरचेवर उठता येत नाही, म्हणून ती सकाळी काही न खाताच कामावर जायची. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून आतडे पाहून झाले. त्यासाठी उसनवारी केली. निघाले काहीच नाही. शेजारच्यांनी करणीची शंका काढून एका देवऋषीचा पत्ता लिहून दिला. तो कागद आम्ही फाडून टाकला आणि त्याचा आम्हांला अभिमानही वाटला. पण त्याच संध्याकाळी आम्ही बहिणीला म्हणालो, ‘अगं, हे सगळे मनाचे आहे.’ ती एवढेच म्हणाली, ‘दादा, म्हणजे मी खोटं बोलते का?’

पुढे एका सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे चिडखोर आतडे. मग आम्ही हा विषय समजून घ्यायला बसलो.

या आजाराला निश्चित व्याख्या आहे. २०१६ साली ठरलेल्या रोम निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखले पाहिजे. शौचाला जाण्याशी त्या दुखण्याचा संबंध असणे, शौचाच्या वेळा बदलणे आणि मळ घट्ट किंवा पातळ होणे, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या पाहिजेत. शिवाय त्रासाला सहा महिने उलटलेले असावेत.

आतड्यात जखम नाही, मग दुखते कशाने? आपल्या आतड्यांच्या भिंतींत १० कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. तिथून मेंदूपर्यंत नसांची वाट जाते, आणि त्यातल्या व्हेगस नावाच्या मोठ्या नसेतले बहुतेक तंतू पोटाकडची खबर वर नेतात. जेवणानंतर आतडे हलते, वायू सरकतो. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. या रुग्णांत मात्र तीच साधी हालचाल वेदना होऊन मेंदूत पोचते. १९७३ साली इंग्लंडमध्ये रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून पाहिला. सारख्याच फुगवट्याने निरोगी माणसांपैकी मोजक्यांनाच दुखले, रुग्णांपैकी मात्र निम्म्याहून अधिक जणांना.

मेंदूतही फरक दिसतो. २०१० साली लॉस एंजेलिस व माँट्रियल येथील संशोधकांनी या आजाराच्या ५५ स्त्रिया आणि ४८ निरोगी स्त्रिया यांच्या मेंदूचे एमआरआय ताडून पाहिले. रुग्ण स्त्रियांत कपाळामागच्या भागात आणि शरीराकडून येणाऱ्या खबरा पुढे पाठवणाऱ्या थॅलेमस या भागात करडे द्रव्य विरळ आढळले, तर भावना व वेदना यांच्याशी निगडित काही भागांत ते दाट आढळले. चिंता आणि उदासीनता यांचा हिशेब वजा केल्यावर काही फरक पुसले गेले. पण कपाळामागचा व डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा फरक कायम राहिला. म्हणजे सगळे काही ‘टेन्शन’वर ढकलता येत नाही.

मात्र घाबरून जाऊ नये. मेंदू खराब झाला, असा याचा अर्थ नव्हे. हे फरक बारीक असतात आणि अनेकांची सरासरी काढल्यावरच दिसतात. दुखण्यामुळे मेंदू बदलला की मेंदूमुळे दुखणे वाढले, हेही अशा एका तपासणीतून ठरत नाही. त्यामुळे या आजारासाठी एमआरआयवर हजारो रुपये खर्च करू नयेत.

उपाय आहेत. इसबगोलाचा पुष्कळांना उपयोग होतो, गव्हाच्या कोंड्याने मात्र पोट अधिक फुगू शकते. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध असे पदार्थ काही आठवडे बंद ठेवून मग एकेक करून परत सुरू करायचे, ही पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने घालून दिली. ती आहारतज्ज्ञांना विचारूनच करावी. अमिट्रिप्टिलिन हे मूळचे उदासीनतेवरचे औषध अगदी कमी मात्रेत दिल्यास वेदनेचा निरोप मंदावतो. २०२३ साली इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले. डॉक्टरांनी असे औषध लिहून दिले तर ‘मला वेडी ठरवली’ असे समजू नये. आणि ते मनाने घेऊही नये.

शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्त कमी होणे, ताप येणे, दुखण्याने रात्री झोपमोड होणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर हा आजार गृहीत धरून बसू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

बहिणीचे दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण कमी झाले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून तिने कारखान्यात मध्ये उठण्याची परवानगी मिळवली. आता ती सकाळी भाकरी खाऊन निघते. आम्ही तिची माफी मागितली. देवऋषीचा कागद फाडणे आम्हांला सोपे गेले, पण घरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायला तीन वर्षे लागली. तुमच्या घरी कोणी पोट धरून बसत असेल, तर तुम्ही एवढा वेळ लावू नका.