मानेवरचा काळा पट्टा आणि लांबलेली पाळी

पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, वजन वाढत जाते. मुलीची ही लक्षणे दिसली की घरात पहिली काळजी सुरू होते ती तिच्या लग्नाची. ‘लग्न झाले की होईल सारे सुरळीत’ असा धीर देणारेही भेटतात. जननक्षम वयाच्या दहा स्त्रियांमागे साधारण एकीला असणाऱ्या ‘पीसीओएस’ या विकाराची खरी ओळख मात्र त्यात राहूनच जाते.

सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठीं’ची भीती आधी मनातून काढावी. स्त्रीबीज ज्यात वाढते त्या पुटिका अर्ध्यावरच थांबून बीजांडकोशाच्या कडेला मण्यांसारख्या दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ साली अशा सात स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. बीजांडकोशावर खिळलेली नजर पुढे नावातही उतरली.

बऱ्याच जणींत दुखण्याचे एक मोठे मूळ असते इन्शुलीनमध्ये. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या या संप्रेरकाला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकच ओतत राहते. साखर काही काळ ताब्यात राहते. पण जादा इन्शुलीन बीजांडकोशाकडून पुरुषी संप्रेरके वाढवून घेते आणि त्यांना रक्तात बांधून ठेवणारे यकृतातले प्रथिन घटवते. मुरुम, राठ केस आणि रखडलेली पाळी ही त्याचीच फळे. मानेवरचा मखमली काळा पट्टाही बहुधा इन्शुलीनचीच खूण असतो. आई तो मळ समजून घासत बसते!

सडपातळ मुलीही यातून सुटत नाहीत. दुर्लक्ष झाले, तर मधुमेह तरुणपणीच गाठू शकतो. पाळी महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि पुढे तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मात्र घाईने शिक्काही मारू नये. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती अनियमित असणे स्वाभाविक असते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पहिल्या आठ वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये.

निदान झाल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : साखर तपासायची का? ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत लपलेला दोष सापडतो. गोळ्यांनी पाळी नियमित होते, अस्तरही सांभाळले जाते. पण इन्शुलीनचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. त्यासाठी रोजचे भरभर चालणे, ताटात उसळ-भाजी अधिक, साखर-मैदा कमी आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांनी दिलेले मेटफॉर्मिन. वजन जास्त असेल, तर ते पाच-दहा टक्के उतरल्यानेही पुष्कळदा पाळी सुधारते. आणि ताट बदलायचे ते साऱ्या घराचे. एकट्या मुलीपुढे वेगळी वाटी ठेवून ते साधत नाही.

उपचारांनी बहुतेकींना मातृत्व लाभते. पण मूल हवे असो वा नसो, तिचे आरोग्य तिच्या स्वतःसाठीच जपायचे आहे.