चाप किती किलोचा?

सिंधुदुर्गात बंदूक म्हटली की आठवते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसाची बंदूक. कमरेला बाळगायचं पिस्तूल इकडे विरळाच. पण ते घेऊ पाहणारा चाप हलका आहे का, हे आधी विचारतो. (बोलताना आपण त्याला घोडा म्हणतो. खरं तर काडतुसावर आपटतो तो घोडा, बोटाने ओढायचा तो चाप.) हलका तेवढा चांगला, हा समज मात्र अर्धवट आहे. चापाचा आकडा, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, हत्याराच्या वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही.

शेतकऱ्याची बंदूक साधारण ३ किलोची, तिचा चाप दोनेक किलोचा, शिवाय दस्ता खांद्याला टेकलेला. म्हणून बंदूक जागची हलत नाही. खिशातलं पिस्तूल जेमतेम ६०० ग्रॅमचं आणि चाप अडीच किलोचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट ओढ. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये तर तेच बोट घोडाही मागे खेचतं आणि ओढ ५ किलोच्या घरात जाते. त्या झटक्याने नळी एक अंश जरी कलली तरी १० मीटरवर गोळी १७ सेंटीमीटर बाजूला जाते. स्पर्धेतला चाप मात्र याहून हलका. घाट चढून कोल्हापूरला गेलं की नेमबाज राही सरनोबत यांचं गाव. २०१८च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात चाप किमान १ किलोचा लागतो, एअर पिस्तुलात ५०० ग्रॅमचा. पंच नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात. ते पेललं तर पिस्तूल पास.

मग कमरेच्या पिस्तुलालाही किलोभराचा चाप का नको? कारण रेंजवर नळी कायम निशाणाकडे असते. कमरेचं पिस्तूल कपड्यात अडकतं, घाबऱ्या हातात येतं. तिथे जड चाप चुकीच्या बोटाला अडवतो. न्यूयॉर्क पोलिसांनी याच विचाराने सुमारे साडेपाच किलोचा चाप वापरला. २०१२ साली एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका मारेकऱ्यावर त्यांनी १६ गोळ्या झाडल्या आणि ९ वाटसरू जखमी झाले. दोष एकट्या चापाचा नव्हे, बरेच जण गोळ्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले होते. तरी जड चापाने नेम बिघडतो ही टीका तेव्हा जोरात झाली आणि २०२१ साली नव्या भरतीसाठी हलका चाप आला. म्हणजे फार जड नको आणि रेंजवरचा हलकाही नको. अडीच-तीन किलो हाच मला शहाणा आकडा वाटतो, तोही बोट चापाबाहेर ठेवायची सवय असेल तरच.

परवान्यावर रिव्हॉल्व्हर घेतलंच, तर स्प्रिंग कापून चाप हलका करून घेऊ नका. तीच स्प्रिंग घोडा आपटते, आणि ती कमजोर झाली की काडतूस फुटत नाही.