सामाईक संगणक आणि स्वतंत्र खातीं

जुन्या वाड्यांतून पांचपांच, सहासहा बिऱ्हाडें एकत्र नांदत असत. विहीर एक, अंगण एक, दिंडीदरवाजाही एक. परंतु प्रत्येक बिऱ्हाडाच्या खोलीस कुलूप मात्र ज्याचें त्याचें असे. ह्या कुलुपांमुळें शेजाऱ्यांत वितुष्ट आलें असें कोणी म्हणत नसे. उलट, डाळतांदूळ कोणाचे कमी झाले ह्याची चौकशी करण्याचा प्रसंगच येत नसल्यानें शेजारधर्म सुखानें चालत असे. शाळेचें कार्यालय, गांवचें ग्रंथालय, ग्रामपंचायतीची कचेरी, किंवा घरांतील बैठकीची खोली, अशा ठिकाणीं जो एकच संगणक अनेकांच्या हातांखालून जातो, त्याची स्थिति ह्या वाड्यासारखीच आहे. मात्र पुष्कळ ठिकाणीं ह्या वाड्यांत खोल्याच पाडलेल्या नसतात.

एखाद्या माध्यमिक शाळेचें कार्यालय डोळ्यांपुढें आणावें. संगणक एक, आणि त्यावर खातेंही एकच. त्याचें नांव ‘ऑफिस’. त्याचा परवलीचा शब्द, ज्यास सर्वत्र पासवर्ड म्हणतात, तो शाळेच्या नांवापुढें १२३ हे अंक लिहून तयार केलेला. आणि तोही कोणी विसरूं नये म्हणून पडद्याच्या कडेस चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलेला. सकाळीं लिपिक त्यावर पगारपत्रक करतात, दुपारीं शिक्षक गुण भरतात, आणि संध्याकाळीं एखादी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठीं त्याच खुर्चीवर येऊन बसते. ती आपलें ई-मेलचें खातें उघडते. हा पासवर्ड लक्षांत ठेवूं काय, असें ब्राउझर तिला विचारतो. मागें दोघी तिघी उभ्या असतात. ती घाईनें होय म्हणते व निघून जाते.

दुसऱ्या दिवशीं त्या खुर्चीवर जो बसेल त्याला तिचीं पत्रें वाचतां येतात. अर्जाच्या संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलों’ असें कळवून नवा पासवर्ड तिच्याच पत्रपेटींत मागवितां येतो, आणि तेवढें साधलें म्हणजे अर्जांतील बँकेच्या खात्याचा क्रमांकही बदलतां येण्याचा संभव असतो. ह्यासाठीं चोरबुद्धीच पाहिजे असें नाहीं. एखाद्या वांड मुलानें गंमत म्हणून तो अर्ज मागें घेतला आणि मुदत टळून गेली, तरी मुलीचें वर्षाचें साहाय्य बुडालें. मग चौकशी सुरू होते, आणि यंत्रांतील नोंदवही उघडून पाहिली तर तींत एकच नांव सांपडतें: ‘ऑफिस’. लिपिकही ऑफिस, शिक्षकही ऑफिस, मुलगीही ऑफिस आणि वांड मुलगाही ऑफिस. शेवटीं संशय ज्याच्यावर यावयास नको त्याच्यावर येतो.

ही अडचण आजकालची नव्हे; एक संगणक अनेकांनीं वापरावयास आरंभ केला तेव्हांपासूनची आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एकाच यंत्रावर अनेकांस जणूं एकाच वेळीं काम करूं देणारी योजना चालवून दाखविली. तिचें नांव सीटीएसएस. संगणक तेव्हां खोलीभर पसरलेला व अतोनात महाग असे. तो एकेकास देणें शक्यच नव्हतें. प्रत्येकाचें काम निराळें राहावें म्हणून प्रत्येकास खातें आणि पासवर्ड देण्याची पद्धत तेथें रूढ झाली.

परंतु कुलूप आलें तशी कुलूप उघडण्याची युक्तिही आली. १९६२ सालीं तेथें अ‍ॅलन शेर हे संशोधन करीत होते. प्रत्येकास आठवड्याचे चार तास मिळत. तेवढ्यांत त्यांचें काम होईना. पासवर्डांची यादी यंत्रांत साध्या अक्षरांत ठेवलेली आहे, आणि छिद्रें पाडलेलें कार्ड देऊन हव्या त्या फाईलीची छापील प्रत मागवितां येते, ह्या दोन गोष्टी त्यांच्या ध्यानीं आल्या. एका शुक्रवारीं रात्रीं त्यांनीं त्या यादीची मागणी टाकली व शनिवारीं सकाळीं जाऊन छापलेली यादी उचलली. पुढें सुमारें पंचवीस वर्षांनीं त्यांनीं हें स्वतःच सांगितलें.

अशा चोरीवरचा उपाय मोठा मनोरंजक आहे. गहूं दळले म्हणजे पीठ होतें. पिठाचे पुन्हां गहूं करतां येत नाहींत. त्याचप्रमाणें पासवर्ड एका गणिती जात्यांत घालून दळावा आणि यंत्रांत नुसतें पीठ ठेवावें. मनुष्य पुन्हां येऊन आपला शब्द सांगेल तेव्हां तो तेथल्या तेथें दळून जुन्या पिठाशीं ताडून पाहावा. बेल लॅबोरेटरीज ह्या संस्थेंतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनीं १९७९ सालच्या लेखांत ह्या दळणाचें विवेचन केलें असून, प्रत्येक खात्यासाठीं निराळ्या अंकांची एक चिमूट शब्दांत मिसळावी असें सांगितलें आहे. त्यामुळें दोघांनीं योगायोगानें एकच शब्द निवडला तरी पीठ सारखें निघत नाहीं. ह्या चिमटीस त्यांच्या भाषेंत जें नांव आहे त्याचा अर्थही मीठ असाच आहे! अर्थात् यादी पळविणारा चोर घरीं बसून शब्दांमागून शब्द दळूं शकतो व पीठ जुळतें कीं काय हें पाहूं शकतो. आणि शाळेचें नांव व पुढें १२३, हें धान्य तो पहिल्या घाण्यासच घालील.

सीटीएसएसवरच साठच्या दशकाच्या मध्यास घडलेली दुसरी गोष्ट मात्र प्रस्तुत विषयास अधिक जवळची आहे. एके दिवशीं त्या यंत्रावर जो जो आपलें खातें उघडी, त्याच्यापुढें दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून येऊं लागली. कोणी चोर शिरला नव्हता. मजकूर दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅममध्यें, काम चालू असेपर्यंत तो मजकूर ठराविक नांवाच्या एका तात्पुरत्या फाईलींत ठेवला जाई. एका कप्प्यांत एका वेळीं एकच मनुष्य काम करील असें प्रोग्रॅम लिहिणारांनीं गृहीत धरलें होतें. व्यवस्थापक मात्र आपल्या सोयीसाठीं सगळेच एका कप्प्यांतून काम करीत. एक जण दिवसाची सूचना लिहीत असतां दुसऱ्यानें पासवर्डांची यादी दुरुस्त करावयास घेतली, दोघांच्या तात्पुरत्या फाईलींची अदलाबदल झाली, आणि सूचनेच्या जागीं यादी जाऊन बसली. १९९० सालच्या ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्तानें दिलेल्या व्याख्यानांत कॉर्बाटो यांनीं ही हकीकत सांगितली आहे. इतरांस स्वतंत्र खोल्या देणारे व्यवस्थापक स्वतः मात्र एका खोलींत राहत होते, तेथेंच घात झाला.

ह्यावरून एक नियम निघतो. संगणक सामाईक असूं शकतो. खातें सामाईक असूं शकत नाहीं. खातें एक तर एकट्याचें असावें, नाहीं तर कोणाचेंच नसावें. एकट्याचें असेल तर त्यानें त्याचें सर्व लक्षांत ठेवावें; कोणाचेंच नसेल तर त्यानें कांहींच लक्षांत ठेवूं नये. जें सर्वांचें आहे आणि सर्व लक्षांत ठेवतें, असें ‘ऑफिस’ खातें हें ह्या दोहोंच्या मधलें भ्रष्ट रूप होय.

प्रथम एकट्याच्या खात्याकडे वळूं गेल्यास त्यांतही दोन जाती आहेत. एक व्यवस्थापकाचें, दुसरें साध्या वापराचें. साध्या खात्यांतून पत्रें लिहितां येतात, हिशेब करतां येतात, जाळ्यावर फिरतां येतें. परंतु सर्व यंत्रास लागू होईल असा नवा प्रोग्रॅम बसवितां येत नाहीं, दुसऱ्याचा कप्पा उघडतां येत नाहीं, आणि स्वतःला व्यवस्थापकही करून घेतां येत नाहीं. जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनीं १९७५ सालीं हें तत्त्व सांगून ठेवलें कीं, ज्याच्या कामास जेवढा अधिकार अवश्य तेवढाच त्यास द्यावा. तरीही २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीमध्यें घरच्या यंत्रावर प्रथम निर्माण होणारीं खातीं व्यवस्थापकाचींच असत. जो उठला तो वाड्याचा मालक, असा प्रकार होता. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून महत्त्वाचा बदल करण्यापूर्वीं पडदा काळवंडून संमति विचारण्याची रीत आली. लोक तिला कंटाळले, परंतु सुधारणा रास्तच होती.

विंडोजच्या आजच्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ ह्या भागांत जाऊन प्रत्येकासाठीं नवें खातें काढतां येतें, व त्याचा प्रकार ‘स्टँडर्ड युजर’ असा ठेवतां येतो. ज्या फाईली सर्वांस पाहिजेत त्यांच्यासाठीं ‘पब्लिक’ नांवाचा कप्पा असतो. ती वाड्याची विहीर समजावी. आणि ज्याच्याकडे व्यवस्था सोंपविलेली आहे त्यानेंही आपलें रोजचें काम साध्या खात्यांतूनच करावें. हा मुद्दा पुष्कळांस पटत नाहीं; आपलाच संगणक, मग आपणांसच बंधन कां, असें त्यांस वाटतें. परंतु पत्राबरोबर आलेली एखादी घातक फाईल उघडली गेली म्हणजे ती उघडणाऱ्याच्या अधिकारानें चालते. साध्या खात्यांत ती बहुधा त्या एका खोलीची नासधूस करील. व्यवस्थापकाच्या खात्यांत तिच्या हातीं सबंध वाड्याच्या किल्ल्या पडतात.

आतां कोणाचेंच नसलेलें खातें. ग्रंथालयांत येणाऱ्या प्रत्येक वाचकास खातें काढून देणें शक्य नसतें. अशा ठिकाणीं धूळपाटीचा दाखला घ्यावा. पूर्वीं मुलें फळीवर धूळ पसरून अक्षरें गिरवीत आणि हात फिरविला कीं पाटी कोरी होई. क्रोमबुकमधील पाहुण्यांची सोय अगदीं अशीच आहे: पाहुणा उठला कीं त्यानें काय पाहिलें, काय लिहिलें, तें सर्व पुसलें जातें. विंडोजसाठीं मायक्रोसॉफ्टनें २००७ मध्यें ‘स्टेडीस्टेट’ नांवाचें असें साधन विनामूल्य दिलें होतें. २०१० अखेर तें बंद केलें, ह्याबद्दल हळहळ वाटणें साहजिक आहे. फॅरॉनिक्स कंपनीचें ‘डीप फ्रीझ’ हें विकत मिळणारें साधन यंत्र पुन्हां सुरू केल्याबरोबर त्यास पूर्वस्थितीवर आणून ठेवतें. विंडोजमध्यें ‘किऑस्क’ म्हणून एक रचना असते, तींत पाहुण्यास एकच प्रोग्रॅम दिसतो व दुसऱ्या कशासही हात लावतां येत नाहीं. श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं धूळपाटीवर लिहिलेलें उद्यां सांपडत नाहीं. जपून ठेवावयाचें तें उठण्यापूर्वींच पेन ड्राइव्हवर घेतलें पाहिजे.

भारत सरकारनें २०११ सालीं सायबर कॅफेंसाठीं नियम केले. आलेल्या माणसाची ओळख पटवून घ्यावी, त्याची नोंदवही निदान एक वर्ष ठेवावी, आडपडद्यांची उंची जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षां अधिक नसावी, असें त्यांत आहे. नियम योग्यच होते. परंतु नोंदवहींत रामा व गोविंदा हीं दोन नांवें लिहिलीं आणि यंत्राच्या आंत दोघांसही एकाच खात्यावर बसविलें, तर साडेचार फुटांची भिंत बाहेर उभी राहते आणि आंत मोकळें मैदान पडतें.

ह्या विषयांत उत्साहाच्या भरांत कांहीं जाचक नियमही केले जातात. दरमहा पासवर्ड बदलण्याची सक्ती हा त्यांपैकींच. मनुष्यस्वभाव असा कीं, तो जुन्या शब्दापुढील एकाचा दोन करतो व नवीन झालें म्हणतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी ह्या संस्थेनें २०१७ सालच्या मार्गदर्शनांत, शब्द फुटल्याचा पुरावा असेल तेव्हांच तो बदलावयास लावावा, एरवीं मुदतीची सक्ती करूं नये, असेंच सांगितलें आहे. ठराविक वेळां पासवर्ड चुकला म्हणजे खातें कांहीं मिनिटें बंद करणें ही योजना मात्र उपयोगाची. तिची मर्यादा अति कडक ठेवूं नये. तीन चुकांतच खातें दिवसभर बंद होत असेल, तर परीक्षेच्या दिवशीं शिक्षकांचें खातें मुद्दाम चुकीचे शब्द घालून बंद पाडणारा विद्यार्थी निघाल्यावांचून राहत नाहीं. खुर्चीवरून उठतांना विंडोजची कळ व एल ही कळ एकत्र दाबून पडद्यास कुलूप लावण्यास तर एक क्षणही लागत नाहीं.

तथापि, खात्यांच्या कुलुपांनीं सर्व कांहीं साधतें असें समजूं नये. पेन ड्राइव्हवरून दुसरीच कार्यप्रणाली सुरू करून तबकडीवरील फाईली वाचतां येतात. म्हणून यंत्र कशावरून सुरू व्हावें ह्या निवडीसही पासवर्ड लावावा व तबकडी कूटलिपींत ठेवावी. त्याहून गुप्त धोका कळफलकाचा. प्रत्येक दाबलेली कळ टिपून ठेवणारा प्रोग्रॅम बसवून न्यूयॉर्कमधील छायाप्रतींच्या दुकानांतल्या सार्वजनिक संगणकांवरून एका मनुष्यानें साडेचारशेंहून अधिक नांवें व पासवर्ड गोळा केले होते. २००३ सालीं त्यानें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. प्रोग्रॅम बसविण्याची मोकळीकच नसती तर त्याचें काम कठीण झालें असतें. परंतु असेंच काम करणारी बोटभर लांबीची वस्तु कळफलकाची तार व संगणक ह्यांच्या मध्यें खोंचूनही ठेवतां येते, आणि तिला खात्याच्या कुलुपाची पर्वा नसते. ह्यास्तव व्यवस्थापकानें आठवड्यांतून एकदां यंत्राच्या मागील बाजूस पाहावें. आणि परक्या ठिकाणच्या संगणकावर बँकेचें काम कोणीच करूं नये.

राहिली गोष्ट व्यवस्थापकाच्या स्वतःच्या पासवर्डाची. तो एकट्याच्याच डोक्यांत असेल, तर त्याच्या आजारपणांत शाळेचें काम अडतें. सर्वांस सांगितला, तर पुन्हां पहिलेंच ‘ऑफिस’ खातें झालें. ह्यावर जुनी कचेरीची रीतच बरी. शब्द कागदावर लिहून लिफाफ्यांत घालावा, लिफाफा लाखेनें बंद करून त्याच्या जोडावर सही व तारीख घालावी आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटांत कुलुपांत ठेवावा. प्रसंगीं उघडावा लागला तर कोणी व कशासाठीं उघडला ह्याची नोंद करून, काम होतांच शब्द बदलून नवा लिफाफा करावा. लिपिकाची बदली झाली तर त्याचें खातें त्याच दिवशीं बंद करावें. मात्र पुसून टाकण्याची घाई करूं नये, कारण मागील तीन वर्षांचीं पगारपत्रकें पुष्कळदां त्याच्याच कप्प्यांत असतात.