गार इंजिनाची किक

भिवंडीत अब्बा यंत्रमाग दुरुस्त करायचे. हिवाळ्यात पहाटे निरोप यायचा, माग बंद पडलाय. आणि इकडे स्कूटर सुरू होत नसे. माग थांबला की विणकराची मजुरी बुडे.

मंडळी, गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक ओढला की हवेच्या मानानं पेट्रोल वाढतं. इंजिन तापलं की तो बंद करावा. तरी अडलं तर प्लग काढून पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जादा झालंय किंवा ठिणगी पडत नाही. तो पुसा, सुकू द्या, चोक बंद ठेवून किक मारा.

मात्र बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. माणूस नकळत दगावतो.