हेल्मेट एक, डोकी तीन

कॅज्युअल्टीत ड्युटी करताना ऐकलेले एक वाक्य मी अजून विसरलेले नाही. "सिस्टर, ती तर चालत घरी आली होती हो."

बोलणारी सासू होती. सून स्ट्रेचरवर बेशुद्ध पडली होती. वय पंचविशीच्या आतले. आदल्या संध्याकाळी नवरा, बायको आणि तीन वर्षांची मुलगी लग्नाहून मोटारसायकलवर परत येत होते. वस्तीच्या अलीकडे स्पीडब्रेकर होता, पण त्यावर पांढरे पट्टे नव्हते आणि खांबावरचा दिवा बंद होता. गाडी उडाली. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको डोक्यावर पडली. मुलगी पुढे टाकीवर होती, तिला खरचटण्यावर निभावले. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होते.

लोक धावले, पाणी पाजले. ती उठून बसली, "काही नाही झालं" म्हणाली, घरी जाऊन तिने सगळ्यांना चहासुद्धा करून दिला. रात्री डोके दुखते म्हणाली, दोनदा उलटी झाली. लग्नातल्या जेवणाने पित्त झाले असेल, म्हणून घरच्यांनी गोळी देऊन झोपवले. पहाटे मुलगी रडू लागली, तरी आई उठेना.

डॉक्टरांनी शक्य ते सगळे केले. ती वाचली नाही. अंत्यविधीला लोक म्हणत होते, तिची वेळच भरली होती. कार्यकारणभाव मानणाऱ्या आपल्या समाजाने तरी असे म्हणू नये. वेळ भरली नव्हती. त्या घरात हेल्मेट होते, पण एकच होते. आणि दवाखान्यात जायला अख्खी रात्र हातात होती, पण कुणाला धोका कळला नाही.

डोक्याच्या आत काय होते?

डोके आपटल्यावर कधी कधी कवटीच्या आतली रक्तवाहिनी फुटते. बाहेर जखम नसते, रक्त दिसत नाही. आत मात्र थेंब थेंब रक्त साठत राहते. कवटी हाडाची आहे, ती फुगू शकत नाही. मग त्या रक्ताचा दाब मेंदूवर पडतो. दाब वाढेपर्यंत माणूस बोलतो, चालतो, चहा करतो. हे काही तास फार फसवे असतात. याच तासांत सीटी स्कॅन आणि ऑपरेशन झाले, तर अनेक जीव वाचतात.

म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसावर पुढचे दोन दिवस नीट लक्ष ठेवा. यातले एकही लक्षण दिसले, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या:

- पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी
- सतत झोप येणे, हाक मारली तरी नीट जाग न येणे
- असंबद्ध बोलणे, जीभ जड होणे, माणसे न ओळखणे
- हात किंवा पाय लुळा पडणे, झटका येणे
- एका डोळ्यातली बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणे
- नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येणे
- लहान बाळ असेल तर दूध न पिणे, रडणे न थांबणे

आणखी एक गोष्ट. पडलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला, की लोक म्हणतात, "प्यायलाय, झोपू द्या." मी अशी माणसे दुसऱ्या दिवशी दुपारी दाखल झालेली पाहिली आहेत. दारूची झोप आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी घरात बसून ओळखता येत नाही. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मागे बसलेल्याचे डोके कमी किमतीचे आहे का?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांपैकी 50,029 जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि त्यांतले 14,337 जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. आपल्या घरात मागे कोण बसते? बायको, आई, शाळेतली पोरगी.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार दुचाकीवरील चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे, मग तो पुढे असो वा मागे. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना यातून सूट आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी 2023 पासून वेगळा नियम लागू झाला. नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा. गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. आणि दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. लग्नाला जाताना किंवा 14 एप्रिलच्या रॅलीत ट्रिपल सीट जाणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवे.

वस्तीत बैठका घेताना मी उत्तरे ऐकते. "ताई, जवळच तर जायचंय." ती सून घराजवळच पडली होती. "केस गळतात." रोज धुतलेला सुती रुमाल डोक्याला बांधून वर हेल्मेट घाला. "अंबाडा बसत नाही." मग वेणी घाला. "एवढे पैसे कुठून आणू?" हा प्रश्न मात्र खरा आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण ज्या घरात हप्त्यावर गाडी येते, मोबाईल येतो, तिथे हजार रुपयांच्या आसपासचे दुसरे हेल्मेटही त्याच हिशेबात बसवले पाहिजे. शिवाय नवीन दुचाकी घेताना कंपनीने हेल्मेट द्यावे, असा नियम आहे. शोरूममध्ये ते हक्काने मागा.

रस्त्याच्या कडेला मिळणारी हलकी टोपी हेल्मेट नव्हे. ती चलन चुकवेल, डोके वाचवणार नाही. आयएसआय चिन्ह पाहून घ्या. 1 जून 2021 पासून असे चिन्ह नसलेले हेल्मेट विकणे बेकायदेशीर आहे. हेल्मेट डोक्यावर गच्च बसले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा नसेल तर माणसाआधी हेल्मेटच रस्त्यावर पडते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका, ते आतून चेपलेले असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी आणि डोक्याच्या गंभीर दुखापतीचा धोका सुमारे 70 टक्क्यांनी कमी होतो.

भगिनींनो, मागे बसताना शक्यतो दोन्हीकडे पाय टाकून बसा आणि धरायचा कडा हाताशी ठेवा. पदर, ओढणी, बुरखा चाकात अडकून बाई खाली ओढली गेल्याच्या केसेस मी पाहिल्या आहेत. मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत झाकणारी जाळी आणि पाय ठेवायची जागा असावी, असा नियम आहे. आपली पोरे गाडी स्टायलिश दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात. घरी जाऊन आधी ते पाहा आणि काढली असेल तर परत बसवून घ्या.

सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या बापांसाठी एकच गोष्ट सांगते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ड्रायव्हर किंवा डिलिव्हरीचे काम करून घर चालवू शकणाऱ्या पोराची रोजीरोटीच त्यात बुडते.

अपघात झाला, तर पहिली दहा मिनिटे

1. आधी मागून येणारी वाहने थांबवा. नाहीतर मदत करणाराच चिरडला जातो.
2. 108 वर फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. 112 वर पोलिसांना कळवा. जागेची खूण नीट सांगा.
3. जखमीला पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. शुद्ध हरपली तर ते श्वासनलिकेत जाते, आणि ऑपरेशन लागले तर पोट रिकामे असावे लागते.
4. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. सारखे उघडून पाहू नका. कानातून रक्त येत असेल तर बोळा कोंबू नका.
5. श्वास चालू आहे पण माणूस बेशुद्ध आहे, अशा वेळी डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा.
6. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. हातपाय धरून उचलून रिक्षात दुमडून टाकू नका. मानेचे हाड मोडले असेल तर तेवढ्यानेही माणूस जन्माचा लुळा होतो.

पोलिसांची भीती आणि पैशाची चिंता

अपघात पाहून माणसे बाजूला होतात, कारण नंतर चौकीच्या फेऱ्या नकोत. आपल्या वस्तीतल्या माणसांना ही भीती जास्त, आणि ती अनुभवातून आलेली आहे. पण आता कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये तसे आदेश दिले, आणि 2019 मध्ये कलम 134-अ आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, खर्च मागता येत नाही, त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही. आणि तातडीच्या रुग्णाला पोलीस येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे.

पैशाबद्दल चार गोष्टी कापून कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा:

- मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. वाहन अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. त्यासाठी अपघाताची खबर पोलिसांकडे गेलेली हवी.
- धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तरी भरपाई आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करून द्यावा.
- वाहन सापडले असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दुखवट्यात ती जाऊ देऊ नका.
- वकिलाला पैसे नाहीत म्हणून दावा सोडू नका. कोणतीही स्त्री, तसेच अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागू शकते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते.

स्पीडब्रेकरला पट्टे नसणे, दिवे बंद असणे, वस्तीसमोर रस्ता ओलांडायला जागा नसणे, ही आपली चूक नाही. 2022 मध्ये देशात 32,825 पायी चालणारे मेले, त्यांनी कोणते हेल्मेट घालायचे होते? यासाठी नगरपालिकेला महिला मंडळाच्या सह्यांचे लेखी निवेदन द्या, पोच घ्या, पुन्हा पुन्हा विचारा. त्या स्पीडब्रेकरवर आम्ही असेच पट्टे मारून घेतले. चौथ्या निवेदनानंतर.

पण दिवा लागेपर्यंत आपले डोके आपल्यालाच सांभाळायचे आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेला जमाल, तेव्हा बाहेर लावलेल्या गाड्या मोजा आणि हेल्मेट मोजा. किती डोकी आली आणि किती हेल्मेट आली, त्याचा हिशेब तिथेच सगळ्यांसमोर मांडा. त्या सुनेची मुलगी आता शाळेत जाते. बाप तिला गाडीवर सोडतो. आता त्यांच्या घरात दोन हेल्मेट आहेत.

जय भीम!