कॉइल गेली, असं म्हणण्याआधी

थंडी सुरू होते आणि एका सकाळी बादलीत थंडगार पाणी पडतं. घरात सगळ्यांचा निकाल ठरलेला असतो: "गीझरची कॉइल गेली." इलेक्ट्रिशियनही पुष्कळदा न मोजताच नवी कॉइल बसवून जातो, आणि आठवड्याभरात पाणी पुन्हा थंड. गीझरमध्ये कॉइलशिवाय थर्मोस्टॅट असतो, पाणी बेसुमार तापलं तर वीज तोडणारा कटआउट असतो. यांतलं काय बिघडलं, ते मोजल्यावरच कळतं.

सगळ्यात रुजलेला समज म्हणजे गीझरवरचा दिवा लागतोय, तेव्हा कॉइल ठीक आहे. साठवणीच्या बहुतेक गीझरमध्ये हा दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे, कॉइलला समांतर जोडलेला असतो. तो लागला म्हणजे वीज कॉइलच्या टोकांपर्यंत पोचली, इतकंच. त्यामुळे दिवा तासभर जळूनही पाणी थंडच असेल, तर कॉइल तुटल्याची शक्यता मोठी. दिवा लागतच नसेल, तर आधी प्लग, स्विच आणि कटआउट बघायचा. पाच मिनिटांत दिवा विझून पाणी कोमटच राहत असेल, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यायचा. यासाठी हातात घड्याळ पुरतं. १५ लिटरच्या टाकीतलं पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या कॉइलला साधारण १८ ते २० मिनिटं लागतात.

"कॉइल वीक झालीय" हेही सर्रास ऐकू येतं. कॉइल म्हणजे तांब्याच्या किंवा पोलादी मिश्रधातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पुरलेली नायक्रोमची तार. ती तार अखंड असते किंवा तुटलेली असते. म्हातारी होऊन हळूहळू कमी तापत नाही. पाणी तापायला वेळ लागत असेल, तर व्होल्टेज बघा. २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील, तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १५०० वॅट देते. न्हाणीघरातला मिक्सरही तपासा. त्यातून थंड पाणी गरम पाण्याच्या नळीत शिरत असेल, तर नवी कोरी कॉइलही काही करू शकणार नाही.

क्षारांबद्दलचा गैरसमज थोडा वेगळा आहे. पुण्याच्या आसपासच्या ज्या सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात, तिथे कॉइल बाहेर काढली की तिच्यावर पांढऱ्या-पिवळट थराचं जाड कवच दिसतं. या थरामुळे वीज खूप जास्त जळते असं म्हणतात. पण पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे बिलात फार फरक पडत नाही. नुकसान होतं ते कॉइलचं. थराखाली उष्णता अडकते, नळी हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि एक दिवस तिला चीर पडते. चिरेतून पाणी भुकटीत शिरतं आणि वीज पाण्यात झिरपू लागते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्या अशा कॉइलमुळे येऊ शकतात.

म्हणून मल्टिमीटर "बीप" वाजला की कॉइल चांगली, असं मानू नका. वीज पूर्ण बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडा आणि रोध मोजा. २३० व्होल्ट, २००० वॅटच्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या जवळपास यायला हवा. ३००० वॅटच्या कॉइलचा १७ ते १८. मीटरवर काहीच आकडा येत नसेल, तर तार तुटली आहे. यानंतरची चाचणी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच वगळली जाते. एक टोक कॉइलच्या पिनेला, दुसरं गीझरच्या धातूच्या अंगाला. इथे मीटरने कुठलाही आकडा दाखवला, तर कॉइल बाद. आकडा आला नाही तरी शंभर टक्के खात्री नाही, कारण मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो. खरी परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरने होते, आणि तो इलेक्ट्रिशियनकडे असायला हवा.

आता सगळ्यात धोकादायक समज. गीझर लावला की आरसीसीबी पडतो, मग आरसीसीबीच खराब आहे, त्याला बाजूला काढा. गळती ३० मिलिअँपिअरच्या आसपास पोचली की वीज तोडणं, हेच त्याचं काम आहे. नुसता एमसीबी ही गळती ओळखत नाही; तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. पूर्वी लोखंडी पाइपांमधून थोडीफार गळती जमिनीत जायची. आता घरोघरी सीपीव्हीसी आहे, आणि प्लास्टिकच्या पाइपातून अर्थिंग मिळत नाही. कटआउट "डायरेक्ट" करून देणाऱ्यालाही थांबवा. थर्मोस्टॅट अडकला आणि कटआउट नाही, तर बंद टाकीत पाणी उकळत राहतं आणि टाकी फुटू शकते.

कॉइल घरी बदलता येते, पण ज्याला हे काम ठाऊक आहे त्यानेच बदलावी. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे काम झालं, असं नाही. एकपोली स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असेल, तर बटण बंद असूनही आत फेज जिवंत असतो. मेन एमसीबी पाडा आणि गीझरच्या टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून, खालची नळी सोडून टाकी रिकामी करा. नवी कॉइल फक्त वॅट बघून घेऊ नका. जुनी बरोबर नेऊन नळीचा आकार, चकतीचा व्यास आणि बोल्टची भोकं जुळवा. रबरी गॅस्केट नवीनच घाला, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा.

मग घाई करू नका. गरम पाण्याचा नळ उघडा आणि हवा पूर्ण निघून अखंड धार येईपर्यंत वीज लावू नका. कोरड्या टाकीत तापलेली नवी कॉइल काही सेकंदांत जळू शकते.

हे सगळं करण्याआधी एक काम आजच करा. आरसीसीबीवरचं "टेस्ट" बटण दाबा. तो पडला नाही, किंवा घरात आरसीसीबीच नसेल, तर आधी तो बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. कॉइलचं त्यानंतर बघा.