पॉम्पेईच्या राखेतली हस्तिदंती यक्षी

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने पॉम्पेई गाडले गेले, तेव्हा तिथल्या एका घरात भारतात घडवलेली हस्तिदंती मूर्ती होती. 1938 मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात ती हाती आली. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि जगभर ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते.

मूर्तीची उंची सुमारे 24 सेंटीमीटर. अंगावर वस्त्र जवळपास नाहीच, दागिने मात्र भरगच्च: कमरेला मेखला, हातात मनगटापासून वर चढत गेलेली कंकणे, पायात नडगी झाकणारे वाळे. पाय एकमेकांवर आडवे टाकून ती उभी आहे. दोन बाजूंना दोन छोट्या दासी, त्यांच्या हातात प्रसाधनाची पात्रे. पाठीमागची केशरचनासुद्धा कारागिराने तितक्याच मन लावून कोरली आहे. म्हणजे वस्तू सर्व बाजूंनी दिसणारी होती. डोक्यातून खाली आरपार छिद्र आहे, त्यामुळे हा आरशाचा दांडा किंवा एखाद्या नाजूक आसनाचा पाय असावा, असे अभ्यासक मानतात. दासी आणि शृंगाराचा हा सारा थाट पाहता तिला लक्ष्मीपेक्षा यक्षी म्हणणेच मला योग्य वाटते.

ती घडली कुठे? आधी मथुरेचे नाव घेतले जाई. मग जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात याच धाटणीची हस्तिदंती शिल्पे मिळाली आणि मधुकर ढवळीकरांसारख्या जाणकारांनी भोकरदनच्या बाजूने कौल दिला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे. विरोधात एक पुरावा दाखवतात: मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ही लिपी वायव्येकडची. पण गुजरातेतले भडोच बंदर ज्या क्षहरात राजघराण्याच्या ताब्यात होते, त्यातल्या नहपान राजाच्या नाण्यांवरही खरोष्ठी आहे. वाटेत कुणी खूण केली असेल, तर त्यात नवल नाही. माझे मत मराठवाड्याच्या बाजूने आहे.

वाटही ठाऊक आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आणि तेर, म्हणजे तगर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर सांगितले आहे. दोन्हीकडचा माल गाड्यांतून खडतर वाटांनी भडोचला उतरे. तिथल्या निर्यातीत हस्तिदंतही होते. तिथून मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्राकडे, पुढे नाईलमार्गे अलेक्झांड्रिया आणि मग इटली. भारत दरवर्षी रोमन साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो, अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने नोंदवली. तो स्वतः व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला.

व्यापार एकतर्फी नव्हता. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत रोमन काशाच्या वस्तू निघाल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची देखणी छोटी मूर्ती होती. दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून इतक्या आत, हा देव कुणी हौसेने आणून ठेवला असेल!

नेपल्सला जाणे सगळ्यांना जमेलच असे नाही. पण पोसायडन कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. सुट्टीत मुलांना घेऊन दोन्हींपैकी एक तरी ठिकाण जरूर पाहा.